तुझ्या नावाची माझी सही

सुनंदा,

येत्या शनिवारी वर्षा तुझी सही मनगटावर गोंदवून घेणार आहे. मेलबर्नला तिच्या घराजवळ एक दुकान आहे, तिथली वेळ ठरली आहे. काल फोनवर तिनं सांगितलं. तेरावा करून ती परत गेली तेव्हापासून तिचा आवाज कोरडा झाला आहे, कामांची यादी वाचल्यासारखी बोलते. "मावशी, पैसे पाठवायचा शेवटचा फॉर्म होता ना आईचा, त्याच्यावरची सही घेतेय. काय ठसठशीत आहे बघ. शेवटपर्यंत तिचा हात हलला नाही."

मी "हं" म्हटलं. आणखी काही बोलायला तोंड उघडलं तोवर तिकडे कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

ती सही तू केलेली नाहीस. मी केलेली आहे. तू होतीस तोवर हे दोघींना माहीत होतं. आता मला एकटीला माहीत आहे, आणि आज बुधवार आहे.

तुझ्या डाव्या मनगटावर तीन हिरवे ठिपके होते, तुझ्या आईनं लहानपणी गोंदवलेले. शाळेत मुली विचारायच्या तेव्हा तू सांगायचीस, "सोनंनाणं इथंच ऱ्हातं गं पोरींनो. मेल्यावर मानसासंगं जातं ते गोंदन तेवढं." मुली घाबरायच्या आणि तू हसायचीस. तुला न्यायच्या आधी अंघोळ घातली तेव्हा मी त्या ठिपक्यांवरून ओला हात फिरवला. अजून हिरवे होते.

वर्षा आता जे गोंदवून घेईल ते तिच्याबरोबर जाईल. म्हणून लिहायला बसले आहे. तिला काय सांगायचं ते आधी तुझ्याशी बोलून ठरवायची मला सवय आहे, म्हणून तुला लिहिते.

दुसऱ्याची सही करायला मला तूच शिकवलंस, हे आधी मान्य कर. डोंगराखालच्या आपल्या शाळेत शिक्षकांचा हजेरीपट मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडा असायचा. साडेदहा वाजले की ते लाल पेन काढायचे आणि रिकाम्या चौकटीत आडवी रेघ ओढायचे. मी तेव्हा खोपोलीहून यायची. गाडी चुकली की पुढच्या गाडीला तास. पहिल्यांदा उशीर झाला त्या दिवशी मी धापा टाकत आले, तर माझ्या चौकटीत माझी सही होती. तुझ्या वर्गाच्या दारात उभी राहिले. तू फळ्यावर बाराचा पाढा लिहीत होतीस आणि मुद्दाम वळली नाहीस.

मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "सुनंदा, पाप लागेल गं."

"लागू दे. अर्धं मी घेईन."

"आणि पकडलं तर?"

"कोन पकडतंय? तुझी सही हाय कशी, कोंबडीनं माती उकरल्यावानी. कुनालाबी येईल."

वर्गात पुस्तकातलं मराठी बोलणारी तू माझ्याशी मात्र तुमच्या खालापूरकडच्या बोलीत बोलायचीस. त्याचा मला अभिमान वाटे. मी कर्जतच्या वाचनालयात वाढलेली, पुस्तकाबाहेर कसं बोलतात ते तुझ्याकडून ऐकलं.

तुझी सही मात्र कुणालाही येण्यासारखी नव्हती. 'सु'चा उकार तू सगळ्या नावाखालून ओढत न्यायचीस आणि वरची रेघ एका दमात, हात न उचलता. वर्षाला विषमज्वर झाला त्या आठवड्यात मी ती घरी पाटीवर गिरवली आणि सहा दिवस हजेरीपटावर केली. परत आल्यावर तू त्या सहा चौकटी निरखून पाहिल्यास. "शालू, माझ्यापरीस तूच बरी सुनंदा हायस," म्हणालीस. आपण त्याला मदत म्हणत होतो. पुढे बँकेच्या कागदावर सही करतानाही मी मनात तोच शब्द वापरला.

दिवाळीत वर्षा आली आणि म्हणाली, आई, आता तिकडेच चल, कायमची. भाऊजींना जाऊन सात वर्षं झाली होती. तू पळसदरीचं घर सोडायला वर्षभर घोळ घालशील असं मला वाटलं होतं. तू दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलंस की जाणार, आणि सगळे पैसे घेऊन जाणार. निवृत्तीचे, भावानं जमिनीच्या हिश्शापोटी दिलेले, बँकेतल्या तिन्ही मुदतठेवींत ठेवलेले. तिथल्या व्हिसाची भलीमोठी रक्कम भरून उरेल ते तिथे तुझ्या नावाच्या खात्यात.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही.

मी म्हटलं, "सगळं नको नेऊस. एक ठेव इथं राहू दे. नाही करमलं तर परत यायला काहीतरी हवं."

"परतीचं तिकीट घेऊन जानारा मानूस कुठं पोचत नाय, शालू."

"आणि तिथे तुला पैसे लागणारेत कशाला? वर्षा आहे, जावई आहे."

"म्हनूनच लागनारेत. लेकीच्या घरचं पानी पिऊ नये म्हननारी माझी आय. तिनं मरेस्तोवर माझ्या घरी आली की पदरातनं तांदूळ आनले. मी येवढी जुनाट नाय. पन माझ्या पैशाचा भात खाईन. जावयाच्या ताटात हात घालायची नाय."

"तो काही म्हणतोय का?"

"म्हनत नाय, तेच वाईट. म्हनला असता तर भांडले असते."

मी हसले आणि मुद्दा तिथेच सोडला. तुझ्यासमोर मी मुद्दे असे फार सोडले.

पहिली ठेव जानेवारीत मुदतीला आली. पैसे देशाबाहेर पाठवायचा अर्ज आपण तुझ्या पडवीत बसून भरला. कुठे, कशासाठी, कुणाच्या खात्यात, सोबत सीएचा दाखला, आणि पाच ठिकाणी सही. चार दिवसांनी बँकेनं अर्ज परत केला. सही जुळत नाही. तू म्हणालीस घाईत केली असेल. पुन्हा भरला, पुन्हा परत आला. या वेळी काउंटरवरच्या त्या तरुण अधिकारी मुलीनं तिच्यासमोरचा संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवला. डावीकडे खातं उघडतानाची तुझी सही, उजवीकडे अर्जावरची.

मी दोन्ही पाहिल्या. दोन्हींत उकार तोच, रेघ तीच. पण उजवीकडची सही निम्मीसुद्धा नव्हती, आणि शेवटच्या अक्षराशी येईतो इतकी बारीक झाली होती की रस्त्यानं चालत गेलेलं माणूस टोकाशी दिसावं तशी दिसत होती. तुझा हात थरथरत नव्हता. थरथरला असता तर कुणालाही शंका आली असती.

ती मुलगी चांगली होती गं. खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. मोठी रक्कम बाहेर जातेय म्हणून विचारावं लागतं. डॉक्टरांचा दाखला आणा, आपण नवीन सही नोंदवून घेऊ. नाहीतर अंगठा चालेल, दोन साक्षीदार आणून."

अंगठा म्हटल्याबरोबर तू पर्स उचललीस आणि उठलीस.

त्या मुलीला कुठून कळणार? डोंगरावरच्या ठाकरवाडीत तू पाच वर्षं संध्याकाळचा वर्ग चालवलास, बायकांचा. पाटीपेन्सिली नव्हत्या, तर चुलीतली राख जमिनीवर पसरून बोटानं नाव काढायला लावायचीस. मी दोन-चारदा आले होते. हिरीबाई तुला म्हणाली होती, "बाय, आता या वयात सही शिकून मी कलेक्टर व्हनार का?" आणि तू म्हणालीस, "कलेक्टर नको होऊस. पन अंगठा लावतेस तवा तो वानी वाचून दाखवतो तेच खरं मानतेस. सही येनाऱ्या बाईला मानूस दोनदा इचार करून फसवतो." ज्या दिवशी हिरीबाईनं रेशन दुकानाच्या वहीत नाव लिहिलं, त्या दिवशी तू मला कर्जतमध्ये बोलावून पेढे दिलेस. तुझा स्वतःचा निकाल लागल्यासारखे.

बँकेच्या पायऱ्यांवर मी म्हटलं, "दाखला घेऊ. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"दाखला म्हंजे कागद. कागद झाला की व्हिसाच्या मेडिकलला निघनार. मग बसू दोघी पळसदरीला कावळे मोजत."

"तुला काही होतंय का, सुनंदा?"

"थंडीनं बोटं आखडतात. व्हिटॅमिन कमी असंल. तुला सगळ्याची पुस्तकं करायची असतात."

दोन आठवड्यांनी तू मला एक वही दाखवलीस. दुरेघी वही, पहिलीच्या मुलांची. अक्षर दोन्ही रेघांना टेकलं पाहिजे असं आपण तीस वर्षं मुलांना सांगितलं, आणि आता तू स्वतः ते करत होतीस, रोज सकाळी एक पान. वरच्या कोपऱ्यात वार आणि तारीख, मुलांना लावलेल्या शिस्तीनं. पानाच्या पहिल्या ओळीतली सही रेघांना टेकत होती. चौथ्या ओळीपर्यंत ती रेघांच्या मध्ये तरंगायला लागली. शेवटच्या ओळीत मुंग्या चालल्या होत्या.

प्रत्येक पान तसंच होतं. मी पानं उलटत गेले आणि तू दाराकडे बघत राहिलीस. मी वही मिटली. तिथं काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. तू अर्ज माझ्यासमोर सरकवलास.

"तू कर."

"वेडी आहेस का? हा बँकेचा कागद आहे. गुन्हा होतो."

"पैसे कुनाचे? माझे. जानार कुठं? माझ्याच खात्यात. मग चोरी कुनाची झाली?" आणि मग हळूच, "हजेरीपट समज, शालू. माझी गाडी चुकलीय."

मी केली. पाच ठिकाणी, हात न उचलता. तू माझ्या खांद्यावरून बघत होतीस, तुझा श्वास मला कानाशी ऐकू येत होता. पाचवी झाल्यावर तू म्हणालीस, "बघ. झाले मी बरी."

ते वाक्य मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

"आज जमली की, काकू!" बँकेतली मुलगी म्हणाली. ती खरोखर खूश झाली होती. तिसऱ्या दिवशी वर्षाचा निरोप आला, पैसे पोचले. तू भरलेल्या अर्जाचे फोटो तिला पाठवलेस, पहिला नंबर आलेल्या पोरीसारखे. पुढच्या दोन्ही ठेवींच्या वेळी अर्ज तू न बोलता माझ्याकडे आणलास आणि मी न बोलता सही केली. रक्कम इकडून तिकडे गेली आणि दर वेळी तुझ्यातलं काहीतरी कमी होत गेलं. चेहरा हसेनासा झाला. बटणं लावायला वेळ लागायचा. चप्पल पायात सरकवताना तू भिंतीला हात लावायचीस, आणि मी दुसरीकडे बघायची.

दुसऱ्या अर्जानंतर आपण धरणावर फिरायला गेलो होतो ते आठवतं? उतरताना तुझी पावलं लहान लहान होत गेली आणि मग एकदम भरभर पडायला लागली. मागून मला तुझ्या चपलांचा आवाज येत होता, पळत्या मुलासारखा. "शालू, ब्रेक लागंना!" तू ओरडलीस, आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मुंबईच्या पाहुण्यांच्या गाडीवर दोन्ही हात टेकून थांबलीस. आतल्या बाईनं काच खाली केली. "आंटी, ठीक हो?" तू म्हणालीस, "ठीक है, गाडी मजबूत है क्या देखा." आपण दोघी पोट धरून हसलो. माझ्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तू हसताना फक्त आवाज येत होता, चेहरा हलत नव्हता. ते मी पाहिलं होतं, सुनंदा. हसता हसता पाहिलं होतं.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी वर्षाचा फोन आला तो तुला नाही, मला. मी तुझ्याच पडवीत होते. आपण दोघी बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होतो. माझा ढीग झाला होता, तुझ्यापुढे मूठभर.

"मावशी, खरं सांग," वर्षा म्हणाली, "आई बरी आहे ना? व्हिडिओवर तिचा चेहरा कसा तरीच दिसतो. रागावल्यासारखा. मी इथे एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. हात थरथरतो का, आणि अक्षर बारीक झालंय का. मी म्हटलं, छे, परवाच्याच फॉर्मचा फोटो आहे, बघा. त्यांनी पाहिला. म्हणाले, मग इतकी घाई नाही, इकडे आल्यावर तपासू. बरोबर ना गं? अक्षर ठीक आहे ना तिचं?"

तुला तिचा आवाज ऐकू येत होता. तुझ्या बोटांत एक वाल होता, त्याचं साल निघत नव्हतं. तू मान हलवलीस. नाय.

मी म्हटलं, "हो गं. अक्षर छान आहे तिचं."

एवढंच. पाच-सहा शब्द. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की खोटं बोलताना माणूस अडखळतो. मी अडखळले नाही.

फोन ठेवल्यावर मी तुझ्यावर ओरडले. पहिल्यांदाच. डॉक्टरांनी अक्षराबद्दल विचारलं याचा अर्थ त्यांना कशाची तरी शंका आहे, उद्याच्या उद्या पनवेलला जाऊ, व्हिसा गेला खड्ड्यात. तू वालांकडे बघत म्हणालीस, "मेडिकल पुढल्या महिन्यात हाय. ते व्हऊ दे. तिकडं उतरले की मीच सांगेन तिला. पैसे गेलेत, शालू. माझं इथं आता काय हाय? पैसे तिकडं न् मी इकडं, अशी अधांतरी ऱ्हाऊ?"

"म्हणून म्हटलं होतं, एक ठेव इथं राहू दे."

"तू माझी मैत्रीन हायस का तिची मावशी?"

"दोन्ही."

"दोन्ही जमत नसतं."

मी वाल तसेच टाकून निघाले. नऊ दिवस आपण बोललो नाही. दहाव्या दिवशी तू रिक्षानं कर्जतला आलीस, हातात बिरड्याचा डबा. दारातच म्हणालीस, "सोललेत मीच सगळे. दोन दिस लागले." मी डबा घेतला. तो विषय तू काढला नाहीस आणि मीही काढला नाही. बिरडं फार छान झालं होतं, हे सांगायचं राहिलं.

मग तुला वाडीवर जाऊन बायकांचा निरोप घ्यायचा होता. मी म्हटलं, ऊन आहे, रविवारी मी येते, बरोबर जाऊ. तू शुक्रवारीच गेलीस. चढताना काही झालं नाही. उतरताना पावलं धावायला लागली असणार. तिथं धरायला कुणाची गाडी नव्हती.

वाडीच्या माणसांनी तुला झोळीत घालून सडकेपर्यंत आणलं. हिरीबाई झोळीबरोबर खाली आली आणि कर्जतच्या दवाखान्याबाहेर माझ्याजवळ बसली. ती सांगत होती, "बाय बसली, चा घेतला. मंग मला बोलली, हिरे, तुझी सही काढ बगू. म्या काडी घेतली न् धुळीत काढली. मंग बायनं काडी घेतली, तिची काढली. येवढीशी. म्या बोलले, बाय, येवढी बारीक का? तुमाला बरं नाय का?" हिरीबाईनं पदरानं तोंड पुसलं. "बाय बोलली, तूच इचारलंस बग पयली."

तिथून हलवल्यावर पनवेलच्या दवाखान्यात तू तीन दिवस होतीस, डोळे न उघडता. तिसऱ्या दिवशी वर्षा विमानात होती. तिथल्या डॉक्टरांनी तुझे हात वाकवून पाहिले आणि मला विचारलं, "यांना कंपवात होता. औषध कोणतं चालू होतं?"

"कुठलंच नाही."

ते कागदावर लिहू लागले. मी विचारलं, औषध असतं तर पाय आवरले असते का? "सांगता येत नाही," ते म्हणाले. "बऱ्याच जणांना फरक पडतो." हे मी वर्षाला सांगितलेलं नाही. ती पोचली तेव्हा तू गेली होतीस, आणि तिनं विचारलं ते इतकंच की आई एकटी का गेली वाडीवर.

तुला नेसवायची साडी काढायला मी तुझं कपाट उघडलं. साड्यांच्या खाली दुरेघी वही होती. मी ती माझ्या पिशवीत टाकली. वर्षा शेजारच्या खोलीत होती. मी असं का केलं हे मला तेव्हा विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पोरीला त्रास नको म्हणून. आपल्याकडे कशालाही चांगलं नाव मिळतं.

तुझे पैसे सुखरूप आहेत, सुनंदा. तीनही रकमा तिथल्या खात्यात तुझ्या नावावर पडून आहेत. ते वर्षाच्या नावावर व्हायला वेळ लागेल म्हणते. तू ज्या ताटात भात खाणार होतीस ते कुणीच मांडलेलं नाही, आणि इथं पळसदरीच्या घराला कुलूप आहे. मी तुझ्यावर रागावले आहे. हे तुला कळावं म्हणूनही लिहिते आहे. तू माझ्याकडून वचन कधी घेतलं नाहीस. नुसती मान हलवलीस आणि मी ते वचन समजले. तुला नाही म्हणायला मला एक आयुष्य पुरलं नाही. पण त्याच आयुष्यात मला तू मिळालीस. नाहीतर मी लाल रेघा मोजत, कुणाच्या दारात उभी न राहता, निवृत्त झाले असते.

हे लिहिता लिहिता दुपार झाली. तिकडे वर्षा कामावरून घरी आली असेल. मघाशी मी लिहिणं थांबवलं, वही काढली आणि फेब्रुवारीतलं एक पान खिडकीपाशी धरून त्याचा फोटो काढला. वरची ओळ टेकलेली, खालच्या ओळीत मुंग्या. त्याच्याबरोबर तिला लिहिलं:

"वर्षा, शनिवारी तू जी सही गोंदवून घेणार आहेस ती तुझ्या आईची नाही. ती मी केलेली आहे. तिन्ही फॉर्मवरच्या सगळ्या माझ्या आहेत. तिची सही ही. गोंदवायचीच तर ही गोंदव."

पाठवलं. तिनं लगेच वाचलं. मी पाणी प्यायले, परत येऊन बसले.

ती चिडेल, फोन करेल, का केलंस विचारेल असं वाटलं होतं. तिनं माझाच फोटो मला परत पाठवला आहे, कोपऱ्यात एक लाल गोल काढून. खाली दोन ओळी आहेत.

"मावशी, इथे तुझा अंगठा आलाय. आई तारीख घातल्याशिवाय पान सुरू करायची नाही. अंगठा काढ."

तो चुकून आला, असं मी तिला सांगू शकेन. तुला सांगू शकत नाही. मी पान पुन्हा खिडकीपाशी धरलं आहे. कोपऱ्यात तुझ्या हातची तारीख आहे, बारीक, पण वाचता येते. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी तिला अक्षर छान आहे म्हटलं, ते या तारखेनंतर कितीतरी दिवसांनी. वर्षाला ते एका नजरेत कळेल.

अर्धं मी घेईन, म्हणाली होतीस. राहू दे, सुनंदा. तुझ्याकडे आधीच पुष्कळ आहे.

मी अंगठा काढते.